तागडी

घानम अल-बद्दाह गेला.
इफ्तारच्या आधी बातम्यांत सांगितलं,
मी खजूर धूत होतो.
फोटो मालिकेतलाच: तिरपी टोपी,
रंगवलेल्या मिशा, हातात तागडी.
खाली ज्येष्ठ कलावंत, एवढंच.

मी त्याला पहिल्यांदा पाठीमागून ओळखलं.
हवल्लीत, अबू नाएलच्या दुकानात
टीव्ही उघडून बसायचो मी,
गिऱ्हाईकं पलीकडून हसायची.
मला दिसायची पिक्चर ट्यूबची मान,
तांब्याची गुंडाळी, धूळ;
आणि ऐकू यायचा तो, जरासा थांबून:
"तागडी खोटं बोलत नाही बाबा,
मासळी बोलते!"
अरबी मी त्या मासेवाल्याकडूनच शिकलो.
आमच्या हर्णैच्या बंदरावरही हीच भांडणं,
फक्त तिथं बायका जिंकतात.

मग तो ऑगस्ट.
आमची माणसं अम्मानच्या वाटेला लागली,
गाद्या, कुकर, एकाने तर पोपट घेऊन.
मी राहिलो. शौर्य वगैरे नव्हे.
पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत
आणि कफील लंडनला.

एका रात्री शटरवर थाप.
किडकिडीत माणूस, मिशा नाहीत.
"हिंदी, फ्रिज दुरुस्त करतोस?"
आवाज ऐकून हातातला पाना पडला माझ्या.
फ्रिज कसला, ते गाडीत बसल्यावर कळलं.
इस्पितळाच्या तळघरातला.
कॉम्प्रेसर बसला होता, पुरायला माणसं कमी होती,
आणि साऱ्या देशाला हसवणारा हा
बाह्या वर करून
एकेकाला उचलत होता.
आधी खिसे बघायचा, चिठ्ठी, नाव.
नाव नसेल तर वहीत लिहायचा:
दात, अंगठी, चपलेचा नंबर.
मी चार वेळा गेलो. तो रोज जायचा,
सात महिने.

तिसऱ्या खेपेला परतताना
मागे पोत्यांखाली एक पोरगा होता, जिवंत.
नाक्यावर बॅटरीचा झोत तोंडावर आला.
शिपाई मिसरूड फुटलेला, अमाराकडचा असावा.
"तू... तो मासेवाला ना?"
टीव्ही त्यांच्याकडेही दिसायचा.
"म्हण ना ते!"

गाडीत माझ्या टाचेला काहीतरी ओलं लागत होतं.
घानमने हात उचलला,
नसलेली तागडी धरली,
थांबला, अगदी तेवढाच
जेवढा मी शंभर टीव्हींच्या मागे बसून ऐकला होता,
आणि म्हणाला.
शिपाई लहान मुलासारखा हसला.
जोडीदाराला हाक मारली. "परत म्हण!"
तो परत म्हणाला.
तेवढाच थांबून.

जाब्रियाच्या वळणापर्यंत दिवे बंद ठेवून चालवलं त्याने.
मग एकच बोलला:
"त्याची आईही बघत असेल रे मालिका."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.
भर दुपारी काळोख, विहिरी जळत होत्या.
अबू नाएलला देश सोडावा लागला,
जाताना सोल्डरिंगची पेटी मला दिली.
पोरगा जगला की नाही, कळलं नाही.
घानम पुन्हा टीव्हीवर आला; न्यायाधीश झाला, आजोबा झाला,
मासेवाला कधीच नाही.
लोक म्हणाले, वय झालं, गंभीर झाला.

सुलैबिखातच्या कबरस्तानात रांगेत उभा राहिलो.
मुलाने हात हातात घेतला.
"तुम्ही बाबांना कसे ओळखता?"
म्हटलं, टीव्ही दुरुस्त करायचो.
तो हसला, छान हसला,
बापासारखाच डावा गाल आधी.
फ्रिजचं बोललो नाही.
मागे माणसं खोळंबली होती.

रात्री जुना भाग लावला होता.
टोपी, मिशा, तागडी.
त्याने हात उचलला, थांबला,
आणि मी उठलो.
आताच्या टीव्हीला पाठच नसते,
भिंतीला चिकटलेला असतो.
तरी गाल भिंतीला टेकवून
त्या बोटभर फटीतून
मी मागे पाहत राहिलो.